ऑक्सिजनची नळी लावून घरी आलेलं बाळ: बीपीडी असलेल्या बाळाची काळजी, पायरी-पायरीने

नाशिकमधल्या एका नवजात अतिदक्षता विभागात मी चौदा वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. कमी दिवसांचं बाळ दोन-अडीच महिने काचेत काढून घरी निघतं, तेव्हा घरची सगळी मंडळी न्यायला येतात. आई बाळाकडे बघत असते, वडील बिलाच्या काउंटरवर असतात, आणि आजी माझ्या जवळ येऊन हळूच विचारते, "सिस्टर, याची सवय तर नाही ना लागणार?" तिचं बोट बाळाच्या नाकातल्या नळीकडे असतं.

नाही लागत. ऑक्सिजन म्हणजे काही झोपेची गोळी किंवा अफू नव्हे. बाळाचं फुप्फुस आज जेवढं काम करू शकत नाही, तेवढं ही नळी भरून काढते. फुप्फुस वाढलं की नळीची गरज आपोआप संपते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या, कारण बीपीडी या फुप्फुसाच्या आजारात घरी होणाऱ्या बहुतेक चुका "सवय लागेल" या भीतीतूनच होतात.

दवाखान्यात पालकांना जे एका दुपारी घाईघाईने सांगितलं जातं, ते इथे सावकाश लिहिते आहे. औषधांचे डोस आणि ऑक्सिजनचा फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर सोडायचा ते, तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी लिहिते आहे ते त्या कागदावरच्या आकड्यांसोबत घरात राहायचं कसं, याबद्दल.

आधी आजार नीट समजून घ्या

फाइलवर लिहिलेलं असतं बीपीडी, म्हणजे ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया. साध्या मराठीत, वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसाचा रेंगाळणारा आजार. १९६७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. व्हेंटिलेटरवर वाचलेल्या बाळांच्या छातीचे एक्स-रे पुढेही सुधारत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हाची मशिनं आडदांड होती, फुप्फुसाला इजा व्हायची. आता मशिनं सौम्य झाली आहेत, पण पूर्वी जगणं शक्य नव्हतं अशी २५-२६ आठवड्यांची बाळं आता जगतात. त्यांचं फुप्फुस मुळात अर्धंच बनलेलं असतं.

फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, खऱ्या अर्थाने तयार व्हायला लागतात ते पोटातल्या शेवटच्या महिन्यात. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे ते साधारण पाच कोटी असतात आणि मोठ्या माणसाकडे तीस कोटींच्या घरात. बाकीचे जन्मानंतर वाढतात, बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत. कमी दिवसांच्या बाळात ही वाढ मध्येच अडते. व्हेंटिलेटरचा दाब, जास्तीचा ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, हृदयाजवळची उघडी राहिलेली पीडीए ही रक्तवाहिनी आणि अपुरं पोषण, या सगळ्यांचा त्याला हातभार लागतो. मग वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहतात, आणि रक्तात ऑक्सिजन शिरायला जागाच कमी पडते.

बिघडलेला भाग औषधाने दुरुस्त होत नाही, शेजारी नवं फुप्फुस वाढतं. बाळ वाढलं तरच फुप्फुस वाढतं, आणि बाळ वाढायला दोन गोष्टी लागतात: पोटात दूध आणि रक्तात पुरेसा ऑक्सिजन. आजींना मी हेच सांगते.

आजार किती तीव्र आहे ते ३६ आठवड्यांना ठरतं. हे आठवडे आईच्या शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजायचे. २७ आठवड्यांचं बाळ असेल, तर जन्मानंतर नऊ आठवड्यांनी हा दिवस येतो. त्या दिवशी बाळ मिनिटाला दोन लिटरपर्यंतच्या साध्या नाकाच्या नळीवर असेल तर ग्रेड १, त्याहून जास्त फ्लोवर किंवा सीपॅपवर (नाकातून सतत दाबाने हवा देणारं मशिन) असेल तर ग्रेड २, आणि व्हेंटिलेटरवर असेल तर ग्रेड ३, अशी आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी विभागणी आहे. ग्रेड विचारून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बाळ अजून काचेत असेल तर

या काळात निर्णय डॉक्टरांचे असतात, पण काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. फुप्फुस चिकटू नये म्हणून सर्फॅक्टंट देतात. शक्य तितक्या लवकर व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर आणतात. श्वास घ्यायचं विसरू नये म्हणून कॅफीन देतात, आणि त्याने बीपीडीचं प्रमाणही कमी होतं, हे मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. व्हेंटिलेटर सुटतच नसेल तर कमी मात्रेत स्टेरॉइड देण्याचा विचार होतो. हा निर्णय डॉक्टर हलक्यात घेत नाहीत, कारण जन्मल्याबरोबर पहिल्या आठवड्यात दिलेल्या स्टेरॉइडमुळे मेंदूच्या वाढीला धोका असतो.

मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९२ टक्के दिसला की वडील विचारतात, "शंभर का नाही ठेवत?" कमी दिवसांच्या बाळाला शंभरावर ठेवलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो. त्याला आरओपी म्हणतात. म्हणून काचेतल्या बाळाला साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. डोळ्यांची तपासणी जन्मापासून चौथा आठवडा संपायच्या आत झालीच पाहिजे. २८ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. कोणी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. फुप्फुस सावरलं आणि नजर गेली, असं होऊ देऊ नका.

तुमच्या हातात दोन कामं आहेत: दूध काढून देणं आणि कांगारू पद्धतीने छातीशी धरणं. बाळ सीपॅपवर असलं तरी तब्येत स्थिर असेल तर कांगारू करता येतं. आई थकली असेल तर वडिलांनी करावं. मी एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या वडिलांना चार-चार तास शर्टाची बटणं उघडी ठेवून बसलेलं पाहिलंय, आणि समोरच्या मॉनिटरवरचा आकडा एकदाही खाली आला नव्हता.

खर्चाचंही याच दिवसांत बघा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार आणि वाहतूक मोफत आहे. खासगी दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्या दोन दिवसांतच भेटा. डिस्चार्जच्या दिवशी कागद घेऊन धावण्यात अर्थ नसतो.

घरी जाण्याआधी: दोन माणसं शिका

सुरुवातीच्या वर्षांत मी फक्त आईला शिकवायचे. एकदा घरी गेल्यावर चौथ्याच दिवशी एका आईला ताप भरला. बाळाची नळी गालावरून सुटली होती, आणि घरात पाच माणसं असून एकालाही ती परत चिकटवता येत नव्हती. रात्री अकरा वाजता ते सगळे बाळाला घेऊन रिक्षाने दवाखान्यात आले. चूक माझी होती. तेव्हापासून दोन माणसं शिकल्याशिवाय मी डिस्चार्जच्या कागदावर टिक करत नाही. दुसरं माणूस आजी असो, काका असो, पण रोज घरात असणारं हवं.

शक्य असेल तर शेवटचे एक-दोन दिवस दवाखान्यातच बाळाचं सगळं तुम्ही स्वतः करा आणि सिस्टरला फक्त बघायला सांगा. औषध सिरिंजने मोजणं, नळी बदलणं, ऑक्सिमीटर वाचणं, श्वास मोजणं, आणि श्वास थांबला तर काय करायचं याचा बाहुलीवर सराव, हे सगळं हाताखालून गेलेलं असावं.

निघायच्या दिवशी बाळ शांत झोपलेलं असताना एक मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा आणि लिहून ठेवा. एरवी दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका मानतात. पण बीपीडीच्या बाळाचा श्वास मुळातच वेगात असतो. तुमच्या बाळाचा नेहमीचा आकडा ५८ असेल, तर ७० झाल्यावर धावायचं आहे. नेहमीचा आकडाच माहीत नसेल तर बिघाड कळणार कसा?

ऑक्सिजनची व्यवस्था

घरासाठी कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो विजेवर चालतो आणि खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतो. विकत घेऊ नका, गरज काही महिन्यांची असते, भाड्याने घ्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, घेतलेली मशिनं अजून बऱ्याच घरांत आणि मंडळांत पडून आहेत. कोणी प्रेमाने दिलं तर जरूर घ्या, पण आधी तंत्रज्ञाकडून फिल्टर बदलून घ्या आणि बाहेर येणारा ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर आहे का ते मोजून घ्या. धूळ खाल्लेलं मशिन नुसता आवाज करतं आणि साधी हवा फेकतं.

मोठ्यांच्या बऱ्याच मशिनवर अर्ध्या लिटरच्या खाली फ्लो मोजताच येत नाही, आणि बाळाला लागतो पाव लिटर, कधी त्याहूनही कमी. म्हणून लहान बाळांचा कमी फ्लोचा मीटर वेगळा मागून घ्या. मशिन घरी न्यायच्या आधी दवाखान्यात आणा आणि त्यावरच बाळाला काही तास ठेवून बघा.

दुसरी सोय सिलिंडरची. महावितरणचा भरवसा धरून बाळाला घरी नेता येत नाही, विशेषतः गावाकडे. हिशोब सोपा आहे. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पाव लिटर फ्लोला तासाला १५ लिटर जातात, म्हणजे शंभर तास. अर्ध्या लिटरला पन्नास तास. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा पावावर आला की भरून आणायचा, शून्याची वाट बघायची नाही. सुरगाणा, पेठ किंवा हरसूलकडचे असाल तर भरायला शहरात यावं लागेल, म्हणून दोन सिलिंडर ठेवा. पावसाळ्यात घाटात झाड पडून रस्ता बंद झाला, वीज गेली, हे तिकडे दरवर्षीचंच आहे. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. आडवा पडून त्याचा व्हॉल्व तुटला तर तो तोफगोळ्यासारखा सुटतो.

मशिन भिंतीपासून हातभर लांब ठेवा, बाहेरचा जाळीचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा, बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं आणि रोज ताजं घाला.

आता आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. त्या खोलीत गॅस, चूल, निरांजन, उदबत्ती, विडी काहीच नको. देवघर त्याच खोलीत असेल तर बाळाची खोली बदला. बाळाच्या ओठांना, नाकाला तेल, तूप, व्हॅसलिन लावू नका. ओठ सुकले तर तेलाऐवजी पाण्यात बनवलेलं मलम मिळतं, ते विचारून घ्या.

नळी चिकटवण्याची पद्धत अशी. आधी गाल कोमट पाण्याने पुसून कोरडे करा. दोन्ही गालांवर त्वचा वाचवणारी पातळ पट्टी लावा, ती दोन-तीन दिवस तिथेच राहू द्या. नळी त्या पट्टीवर ठेवून वरून टेप लावा, म्हणजे रोजची ओढाताण टेपची पट्टीशी होईल, बाळाच्या कातडीशी नाही. नळीच्या नाकात जाणाऱ्या दोन शिंगांचा बाक खाली, ओठाकडे. नळी कानांवरून मागे घेऊन पाठीकडे सोडा आणि लंगोटाजवळ एक सैल टाका घाला, म्हणजे उचलताना ओढली जाणार नाही. नाकात शेंबूड सुकला की ऑक्सिजन आत जात नाही आणि आकडा घसरतो. दोन थेंब सलाइन टाका, मिनिटभर थांबा, पुसा. फ्लो वाढवण्याआधी नेहमी नाक बघा.

ऑक्सिमीटर पावलाला गुंडाळायचा घ्या. मोठ्यांचा बोटाचा चिमटा बाळावर खोटं सांगतो. स्क्रीनवरची नाडी एकसारखी चालत असेल तरच आकडा खरा. बाळ पाय झाडत असताना ७८ दिसलं तर घाबरू नका, पाय गरम करा, मिनिटभर धरा, पुन्हा बघा. घरी बहुतेक बाळांचं लक्ष्य ९३ किंवा वर असतं, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा धरा. झोपेत आणि दूध पिताना आकडा उतरतो, म्हणून या दोन वेळा मुद्दाम तपासा. जागं, खेळतं बाळ बघून "आता छान आहे" म्हणून नळी काढणारे इथेच फसतात.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यातलं बाळ आठवतं. घरी गेल्यावर तीन आठवडे वजन २ किलो ९०० वरच अडकलेलं. दूध व्यवस्थित, औषधं वेळेवर. डॉक्टरांनी सगळं विचारलं, काही सापडेना. वजनकाट्यावरून बाळाला उचलताना आजी सहज म्हणाल्या, "मी रोज दुपारी झोपेत दोन तास नळी काढते, हळूहळू सवय मोडायला." त्यांच्या डोळ्यांत मला नातवाची काळजीच दिसली. मी त्यांच्यासमोरच झोपलेल्या बाळाची नळी दहा मिनिटं काढून ऑक्सिमीटर लावला. ९४, ९१, ८८, ८६. बाळ जराही रडलं नाही, ओठही निळे पडले नाहीत, झोपलेलंच होतं. आजी त्या आकड्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनीच नळी परत लावली. पुढच्या पंधरा दिवसांत वजन ३ किलो २०० झालं.

ऑक्सिजन थोडा कमी पडला तर बाळ रडून सांगत नाही. ते वाढायचं थांबतं. आणि आतून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळत जातात, हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब वाढतो. याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आणि बीपीडीच्या बाळांचा जीव जाण्याचं ते मोठं कारण आहे. म्हणून घरी येण्याआधी आणि नंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचीच.

दूध आणि वजन

श्वास घेण्यातच या बाळाची बरीच ताकद खर्च होते. त्याला दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात. आता हिशोब करा. फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून डॉक्टर बऱ्याचदा दुधाचं प्रमाण मर्यादित ठेवतात, समजा किलोमागे १५० मिली. दोन किलोच्या बाळाला ३०० मिली. आईच्या १०० मिली दुधात साधारण ६७ कॅलरी, म्हणजे एकूण २००, किलोमागे फक्त १००. तुटवडा इथे आहे. तो भरून काढायला फोर्टिफायरची पावडर काढलेल्या दुधात मिसळून देतात. सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा आणि दर वेळी पाजण्याच्या अगदी आधी. दूध दाट करायला घरचे उपाय नकोत: गाईचं दूध, साखर, नाचणीचं पाणी, बाळगुटी, काहीही नाही.

पाजताना बाळ जरा उभं धरा. चार-पाच घोट झाले की थांबा, त्याला श्वास जमवू द्या, मग पुढे. अंगावर पिताना दमत असेल तर थोडं अंगावर आणि उरलेलं काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. पाजायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, कपाळावर घाम येत असेल, तर बाळ कमावतंय त्याहून जास्त खर्च करतंय. हे डॉक्टरांना सांगा. पाजताना फ्लो थोडा वाढवायचा का, तेही तेव्हाच विचारा. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं ठेवा.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने. आशाताईंकडे काटा असतो. दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. दोन आठवडे वजन अडलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा, आणि जाताना रात्रीच्या झोपेतले ऑक्सिमीटरचे आकडे लिहून न्या.

औषधं

लघवी वाढवणारी औषधं बऱ्याच बाळांना असतात: फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, स्पायरोनोलॅक्टोन. ती फुप्फुसातलं जादा पाणी काढतात. त्यांच्यामुळे रक्तातले क्षार ढळू शकतात, म्हणून रक्ततपासणीची तारीख चुकवू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. ड जीवनसत्त्व आणि लोहाचे थेंब रोज, सांगितले तेवढे. शेजारच्या मुलाला उपयोग झाला म्हणून स्वतःच्या मनाने नेब्युलायझर लावू नका, प्रत्येक बीपीडीच्या बाळाला त्याने फायदा होत नाही.

धूर, फवारणी आणि माणसं

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेगडीवर ओवा-शेपा-बाळंतशोपा टाकून धुरी देतात. बाकी परंपरेबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही, पण या बाळाला धुरी म्हणजे विष आहे. दृष्ट काढा, जरूर काढा, पण त्या मिरच्या-मोहऱ्या घराबाहेर लांब नेऊन टाका, बाळाच्या खोलीत जाळू नका. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्युमोनिया होतो. मच्छर अगरबत्ती आणि कॉइल नको, मच्छरदाणी लावा. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि अंगणोअंगणी शेकोट्या पेटतात. बाळाला टोपी, मोजे, दोन थर कपडे आणि आईची छाती ही ऊब पुरते. शेकोटीजवळ बसून आलेल्याने कपडे बदलूनच बाळाला घ्यायचं.

द्राक्षबागेत घर असेल तर वेगळं सांगते, कारण दिंडोरी-निफाड-पिंपळगावकडची कितीतरी बाळं आमच्याकडे येतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअरचं धुकं उघड्या खिडकीतून थेट घरात येतं. शेजारच्या बागवाल्याला आधीच सांगून ठेवा की फवारणीच्या आदल्या दिवशी कळवा. त्या दिवशी खिडक्या बंद, किंवा बाळ-आई गावातल्या घरी. गंधकाची धूळणी असेल तेव्हा तर नक्कीच. फवारणी करून आलेल्या वडिलांनी बाहेरच आंघोळ करायची, कपडे बाहेरच ठेवायचे. कांदाचाळ झाडायची असेल तर वारं कुठल्या बाजूला आहे ते बघूनच.

संसर्ग हा या आजारातला मोठा शत्रू. मोठ्यांच्या साध्या सर्दीत जो आरएसव्ही नावाचा विषाणू असतो, तो या बाळाला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकतो. पावसाळा आणि थंडी हा जपण्याचा काळ. पहिल्या वर्षात बारसं घरातल्या घरात. सप्तशृंगीच्या गडावर नवस बोललेला असेल तर देवी वाट बघेल. गर्दीही नको आणि चढावरची विरळ हवाही नको. सिंहस्थासाठी घरी पाहुणे उतरणार असतील तर बाळ-आईची सोय आधीच वेगळ्या खोलीत करा. घरात शाळेत जाणारं भावंड असेल तर आल्याबरोबर हातपाय धुणं, कपडे बदलणं, सर्दी असेल तर मास्क. "बाळाला घेऊ द्या" म्हणणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणायला आईला फार जड जातं. हे काम वडिलांनी करावं.

लसी जन्मतारखेप्रमाणे, कमी दिवसांचं आहे म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. सहा महिन्यांनंतर इन्फ्लुएंझाची लस, पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस. घरातल्या मोठ्यांनीही ती घ्यावी. आरएसव्हीपासून बचावाच्या इंजेक्शनबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.

कधी धावायचं

छातीखाली किंवा फासळ्यांमध्ये नेहमीपेक्षा खोल खड्डे पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, नेहमीच्या आकड्यापेक्षा श्वास दहा-बाराने वाढणं, निम्म्याहून कमी दूध, लंगोट कोरडे राहणं, डोळ्यांखाली किंवा पायावर अचानक सूज, एका दिवसात भसकन वाढलेलं वजन, ताप किंवा अंग थंड पडणं, आणि नेहमीच्या फ्लोवर ९० च्या खाली टिकून राहणारा आकडा. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. "पोट उडतंय" म्हणून शेकत बसू नका, आणि पोटावर डाग देण्याचा विचार तर मनातही आणू नका.

आकडा अचानक पडला तर बाळापासून मशिनकडे या, उलटं नाही. आधी बाळाचा रंग आणि श्वास. मग नाक. मग नळी कुठे मुडपली किंवा सुटली आहे का. मग मीटरवरचा फ्लो, आणि शेवटी मशिन. मशिनवर संशय असेल तर दुरुस्त करत बसू नका, सरळ सिलिंडर जोडा. ओठ निळे असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेला तातडीचा फ्लो लावा, तळवे चोळा, १०८ ला फोन. श्वासच नसेल तर बाहुलीवर शिकलात तसं सुरू करा, आणि फोन दुसऱ्या माणसाने करायचा. तो दुसरा माणूस यासाठीच शिकवलेला असतो.

नळी सुटण्याचा काळ

बहुतेक बाळांची नळी काही महिन्यांत सुटते, काहींना वर्ष, थोड्यांना त्याहूनही जास्त लागतं. फ्लो कमी करणं डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. वजन चढत असेल, संसर्ग नसेल, एको ठीक असेल, तर आधी फ्लो पायरीने खाली. प्रत्येक पायरीनंतर एक-दोन आठवडे थांबून वजन बघायचं. मग जागेपणी थोडा वेळ नळीशिवाय, मग दिवसभर, आणि सगळ्यात शेवटी झोपेतली नळी. पूर्ण सोडण्याआधी एक रात्रभर ऑक्सिमीटर लावून नोंद घेतात. मध्येच सर्दी झाली आणि परत नळी लागली, तर मागे गेलो असं समजू नका, सर्दी गेली की पुन्हा तिथूनच सुरू करायचं. पावसाळा किंवा थंडी तोंडावर असेल तर तो ऋतू सरेपर्यंत मशिन परत करू नका. महिना-दोन महिन्यांचं जादा भाडं परवडतं.

बसणं, रांगणं, बोलणं यांची तुलना करताना वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजा, दोन वर्षांपर्यंत तरी. कानाची तपासणी करून घ्या. बाळ मागे वाटलं तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथले व्यायाम आणि उपचार मोफत असतात. पहिल्या दोन वर्षांत घरघर आणि खोकल्याने एखाद-दोनदा भरती व्हावं लागू शकतं. पुढे शाळेत पळताना दम लागला तर तो आळस समजू नका.

मशिन परत करा, सिलिंडर परत करा, पण फाइल टाकू नका. अशा बाळांना हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याचदा लागतं, पुढे टॉन्सिल किंवा दाताचंही काही निघू शकतं. मूल दहा वर्षांचं, धडधाकट असलं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: हा इतक्या आठवड्यांचा जन्मलेला, याला बीपीडी होता, इतके महिने ऑक्सिजनवर होता. आणि फाइलचं पहिलं पान त्यांच्या हातात द्या.